बिरदेव अंगावर घेतो

पिंपळघाटच्या बिरदेव देवकत्याला आपली चूक नसताना मार खाण्याचा चाळीस वर्षांचा अनुभव आहे. या एका विषयात गंगाखेडपासून पालमपर्यंत त्याचा हात धरणारा माणूस नाही. जोंधळ्याच्या मालकासमोर किती वाकायचं, हरभऱ्याच्या मालकासमोर किती, आणि उसाच्या मालकासमोर नुसतं खाली बसायचं की सरळ आडवं पडायचं, हे सगळं त्याला पाठ आहे.

ही त्याच्या धंद्याची रीत होती. मेंढपाळांची पाच-सहा बिऱ्हाडं दिवाळीनंतर एकत्र निघतात. दिवसभर मेंढरं चारायची, रात्री एखाद्याच्या रानात बसवायची, सकाळी पुढं. आता मेंढरू म्हणजे काही तलाठी नव्हे. त्याला गट नंबर कळत नाही. ते कधी ना कधी दुसऱ्याच्या पिकात शिरतं आणि मालक काठी घेऊन येतो. कुणाची मेंढरं, कुणाचा डोळा लागला, याचा तपास करत बसलं तर सगळ्यांनाच मार आणि वर पोलीस चौकी. म्हणून एक जण पुढं होतो, हात जोडतो आणि म्हणतो, माझीच हायेत मालक, माझंच चुकलं. दोन काठ्या, पाच-सात शिव्या, मामला खलास. याला ते लोक ‘अंगावर घेणं’ म्हणतात. दुसऱ्या दिवशी बिऱ्हाडं दहा कोसांवर गेलेली असतात. तिथं नवं रान, नवा मालक. केलेली आणि न केलेली सगळी चूक लेंड्यांसोबत मागच्या रानात राहते आणि तिचंही खतच होतं.

बिरदेवकडं हे काम कायमचं आलं ते त्याच्या चेहऱ्यामुळं. तो चेहराच असा की बघणाऱ्याला वाटावं, यानं काहीतरी केलंय आणि याला त्याचं फार वाईट वाटतंय. पुढं पुढं त्याला सवयच लागली. पालमच्या बाजारात एकदा एका मोटारसायकलवाल्यानं दुसऱ्याला धडक दिली. बिरदेव वीस पावलांवर भजी खात उभा होता. आरडाओरडा ऐकला आणि त्यानं भज्याचा कागद बगलेत धरून हात जोडले. त्याची बायको भागुबाई सांगते की लग्नात वाजंत्रीवाले उशिरा आले, तर नवरदेव असलेला हा माणूस तिच्या बापाची माफी मागत होता.

पिंपळघाटासमोर गोदावरीच्या पात्रात एक बेट आहे. निजामाच्या राज्यात तिथं फौजेची एक तुकडी होती. तिच्या दोन दगडी बराकी, एक पाण्याचा हौद आणि टेहळणीचा अर्धा बुरूज अजून उभा आहे. अठ्ठेचाळीस साली फौज गेली आणि बेट वटवाघळं, बाभळी आणि बिरदेवच्या बापाची मेंढरं यांच्या ताब्यात आलं. लोक त्याला फौजीबेट म्हणतात. बिरदेवचा बाप सूर्यभान तेव्हा सतरा-अठरा वर्षांचा होता आणि फौज असतानाही तिथंच चारायला जायचा. त्याचा इतिहासाशी संबंध आला तो एवढाच, की इतिहासानं त्याचे दोन बोकड कापून खाल्ले आणि दुसरा चिवट निघाला म्हणून त्याच्या कमरेत लाथ घातली. ती कंबर मरेपर्यंत दुखत राहिली. शेवटची सहा वर्षं ती भागुबाईनं रोज तेल लावून चोळली.

अशा या बेटाचं भाग्य उजळलं ते गोपाळ सरांमुळं. सर गंगाखेडला पोलीस भरतीचा क्लास चालवायचे. एकदा ते पुण्याकडं एका तळ्यावर गेले आणि तिथं माणसं हौसेनं, तिकीट काढून, जमिनीवर झोपताना त्यांनी पाहिली. सर थक्क झाले. आपलं अख्खं गाव पिढ्यान्पिढ्या हे फुकटात करत आलंय, या विचारानं त्यांना त्या तंबूत झोप लागली नाही. परत आल्यावर त्यांनी वीस तंबू आणले, रंगीत दिवे आणले आणि ‘फौजीबेट नाइट कॅम्प’ सुरू केला. दिवाळीपासून होळीपर्यंत, दर शनिवारी. होडीचा प्रवास, गरम हुरडा, शेकोटी, तंबूत मुक्काम आणि ‘बेटाचा थरारक इतिहास’.

होडीचा प्रवास पाऊण तासाचा होता. खरं तर बेटाच्या मागच्या अंगाला पाणी गुडघाभर असतं आणि मेंढरं तिथून चालत जातात. पण सर पाहुण्यांना केशरी जॅकेटं घालून पुढच्या डोहातून मोठा वळसा मारून आणत. त्या वेळात एकही मेंढरू मागून पाणी ओलांडताना दिसू नये, अशी बिरदेवला सक्त ताकीद होती. कारण वाट दाखवायला सरांनी बिरदेवलाच ठेवलं होतं आणि दिवाळीनंतरचं त्याचं गावोगाव हिंडणं तेव्हापासून बंद झालं होतं. बेटाचा दगडन् दगड त्याला माहीत. फक्त तो पाहुण्यांच्या पुढं न चालता मागं चालायचा, हातात काठी आडवी धरून, तोंडानं बारीक चकचक आवाज करत. नांदेडचे डॉक्टर, परभणीचे वकील, सगळे आपोआप एकमेकांना चिकटून नीट चालायचे. वाट सोडून कुणी बाजूला गेला की हा नुसता हुंकार द्यायचा आणि वकीलसाहेब परत रांगेत.

थरारक इतिहास मात्र मुळात नव्हताच, तो सरांनी एका रात्रीत लिहून काढला. तीन तरुण सत्याग्रही बेटाच्या लव्हाळ्यात लपलेले असतात. कुणीतरी गद्दार बुरुजाखालून कंदील हलवून फौजेला इशारा देतो. तिघंही मारले जातात. तिघांची नावं सरांनी भरतीच्या क्लासच्या हजेरीतून घेतली. याला गावात कुणाची हरकत नव्हती. उलट आठवड्याभरात गावातल्या तीन घरांना आठवलं की ते हुतात्मे आपल्याच भावकीतले होते.

अडचण आली ती गद्दाराची. पाहुणे शेकोटीभोवती बसून विचारायचे, कोण होता तो. ‘होता एक जण’ म्हटलं की त्यांचा थरार उतरायचा आणि ते हुरडा थंड असल्याची तक्रार करायचे. मग एका सकाळी मारुतीच्या पारावर गद्दार निवडायला बैठक बसली. एका घरातला पुतण्या फौजदार निघाला. एका घरातला पोरगा परभणीला वकील. एक घर सरपंचाचं, एक सरपंचाला पाडणाऱ्याचं. एकाचं स्वतःचं बातम्यांचं चॅनल. दोन तास झाले आणि लक्षात आलं की गावात बदनाम करण्याजोगं एकही घर शिल्लक नाही. सरांचा आवाज चढत गेला. एवढ्या मोठ्या गावात एक गद्दार मिळू नये, ही काय गावाची रीत झाली का, असं ते पाराच्या कठड्यावर हात आपटत विचारायला लागले.

तो आवाज बिरदेवच्या ओळखीचा होता. अगदी हरभऱ्याच्या मालकाचा. पाराच्या कडेला बसलेला बिरदेव आपसूक उठला आणि त्याचे हात जोडले गेले.

“माझ्या बापाचं नाव घाला सर. त्यो मेलाय. त्याला आता काय हुतंय.”

सगळ्या पारानं श्वास सोडला. कुणीतरी चहा सांगितला. फौजदाराच्या काकानं बिरदेवच्या पाठीवर थाप मारली.

बिरदेवचा हिशेब आयुष्यभराचा, साधा होता. अंगावर घ्यायचं, सकाळी निघायचं. फक्त त्याच्या एक गोष्ट ध्यानात आली नाही. या वेळी बिऱ्हाड कुठं हलणार नव्हतं. पुढच्या शनिवारी मुक्काम याच रानात होता, त्याच्या पुढच्याही शनिवारी, आणि चूक तिथंच बसून दर आठवड्याला वाढणार होती.

भागुबाईला हे नळावर कळलं. ती हंडा अर्धाच भरून घरी आली. ज्या माणसाची कंबर मी सहा वर्षं चोळली त्याला तुमी गद्दार केलाव, असं ती म्हणाली. बिरदेवनं समजूत घातली की लोक चार दिवसांत विसरतात, आजवर विसरतच आलेत.

पण लोक विसरावेत अशी त्यानं गोष्टच सांगितली नाही. चाळीस वर्षांची तालीम कामाला आली. शेकोटीच्या उजेडात तो उभा राहायचा, बापानं कंदील कसा धरला ते दाखवायचा, आणि शेवटी पाहुण्यांसमोर गुडघे टेकून म्हणायचा, माझ्या बापाचं चुकलं मायबाप, त्याच्या जागी मला मारा. नांदेडच्या बाया रडायच्या. कॉलेजच्या पोरी चित्रण करायच्या. एक चित्रण असं फिरलं की पुण्यामुंबईहून गाड्या यायला लागल्या. सरांनी बुरुजापाशी पाटी लावली, ‘गद्दार सूर्यभान पॉइंट, येथे सेल्फी घ्यावी’. महिन्याभरात मोबाइलच्या नकाशातही तेच नाव दिसायला लागलं.

सुरुवातीला गावकरी गालात हसायचे. खरं काय ते ठाऊक असलेली अकरा म्हातारी माणसं तेव्हा गावात होती. पाच-सहा वर्षांत ती एकेक करून गेली. उरली एक सगुणाबाई, नव्वदीची आणि ठार बहिरी. तिला कुणी कानाशी ओरडून विचारलं तर ती सांगायची, सूर्यभान लय गुणी, बोकड खाल्ले ओ बिचाऱ्याचे मेल्यांनी. लोक म्हणायचे, वयानं म्हातारीचा मेंदू गेलाय. सतरा सप्टेंबरला शाळेत एका पोरानं मुक्तिसंग्रामावर भाषण ठोकलं आणि ‘सूर्यभानसारखे गद्दार’ म्हणताना समोर बसलेल्या बिरदेवकडं बोट केलं. मास्तरांनी टाळ्या वाजवल्या. सगळे वाजवतायत म्हणून बिरदेवनंही वाजवल्या.

एवढं सगळं त्यानं आनंदानं सोसलं असतं. पण त्याला शालू होती. शालू त्याचं शेंडेफळ. परभणीला नर्सिंग शिकलेली, तिथंच एका दवाखान्यात कामाला लागलेली, घरातली पहिली शिकलेली पोरगी. तिला पूर्णेचं स्थळ आलं. मुलगा रेल्वेत पॉइंट्समन, त्याचे वडील दत्तराव रेल्वेतच, निवृत्तीला आलेले. जातीतले, देवाधर्माचे, करारी म्हणून नाव असलेले. बघणं झालं, पसंती झाली. शालू आणि तो मुलगा रोज संध्याकाळी फोनवर बोलायला लागले आणि शालूच्या आवाजात भागुबाईला एक नवंच हसू ऐकू यायला लागलं. निघताना दत्तराव एवढंच म्हणाले होते, की बाकी सगळं ठीक आहे, घराण्याची थोडी चौकशी करून कळवतो.

चौकशी हा शब्द बिरदेवच्या पोटात गेला आणि तिथंच बसला. तो गोपाळ सरांकडं गेला आणि बापाचं नाव काढून दुसरं काहीही घाला, वाटल्यास माझं घाला, म्हणून विनवण्या करून आला. सरांनी त्याला खुर्ची दिली, पाणी दिलं आणि समजावलं की मामा, पाटी लागलीय, नकाशात आलंय, लाखो लोकांनी पाहिलंय. लागलेला इतिहास असा उपटता येत नसतो.

जानेवारीतल्या एका शनिवारी होडी काठाला लागली आणि पूर्णेचे बावीस रेल्वेवाले उतरले. सोबत्याच्या निवृत्तीची सहल होती. सोबती म्हणजे दत्तराव. केशरी जॅकेट घालून, मिशा सावरत, ते बिरदेवकडं बघून हसले आणि म्हणाले, तुमची कीर्ती ऐकून आलो पाव्हणं, आज आमालाबी ऐकवा.

त्या दिवशी बिरदेव रेल्वेवाल्यांच्या मागं चालला तेव्हा त्याच्या तोंडून आवाज निघाला नाही. बावीस जण बेटभर पांगले. त्यातले दोघं मागच्या गुडघाभर पाण्यात पाय धूत उभे राहिले आणि होडीच्या पाऊण तासाबद्दल सरांना विचारायला लागले.

संध्याकाळी शेकोटी पेटली. बिरदेव उभा राहिला. तीन तरुण, लव्हाळं, बराकीतले दिवे, इथपर्यंत गोष्ट आली. बुरूज आला. कंदील आला. आणि तो थांबला. समोर दत्तराव मांडी घालून बसले होते. त्यांच्या चेहऱ्यावरून काही कळत नव्हतं. बिरदेवला दिसत होती ती शालू, आणि तिच्या कपाळावर त्या गद्दार आज्याचं नाव.

मग आयुष्यात पहिल्यांदा त्यानं अंगावर घेतलं नाही. तो म्हणाला की कुणी गद्दार नव्हता. कुणी मेलंही नव्हतं. त्याच्या बापाचे दोन बोकड फौजेनं खाल्ले आणि त्याच्या कमरेत लाथ घातली, त्यापलीकडं या बेटावर काहीसुद्धा घडलेलं नाही.

एक रेल्वेवाला म्हणाला, मोबाइलमधी तर येगळंच हाय. गोपाळ सर मागून हातवारे करत होते. बिरदेव पुन्हा पुन्हा सांगत राहिला, आणि जितकं सांगत राहिला तितकं ऐकणाऱ्यांना ते कमी पटत गेलं. त्यात त्यांचा काही दोष नाही. चाळीस वर्षं न केलेल्या चुका कबूल करून करून त्याचा चेहरा असा तयार झाला होता की खोटं सांगताना तो देवळातल्या पुजाऱ्यासारखा दिसे आणि खरं सांगताना चोरासारखा. त्या दिवशी तो घामाघूम झाला, अडखळला, नजर चुकवू लागला. दोन बोकडांचा रंगसुद्धा त्यानं एकदा काळा सांगितला आणि एकदा तांबडा.

सकाळी होडीत बसण्याआधी दत्तरावांनी त्याला हौदाजवळ बोलावलं. रागावले नव्हते. रागावले असते तर बिरदेवला काय करायचं ते कळलं असतं.

“देवकते,” ते म्हणाले, “मी तुमचा व्हिडिओ घरात समद्यांना दाखिवला हुता. म्हणलं, बघा, ह्यो माणूस बापाचं पाप चारचौघांत कबूल करायलाय. असं इमान मी रेल्वेत चाळीस वर्षांत बघितलं न्हाई. असल्या घरची पोरगी डोळे झाकून करावी. चौकशी तिथंच संपली हुती माझी.”

बिरदेवनं तोंड उघडायच्या आत ते पुढं म्हणाले,

“अन् काल तुमी मला बघितलं अन् पलटलाव. सोयरिकीसाठी. बाप चुकला ते सत्तर वर्षांमागचं, त्याचं मला काय न्हाई. पर कालचं खोटं तुमचं हाय. ते माझ्या घरात यायला नको.”

बिरदेवनं सवयीनं हात जोडले आणि गालही पुढं केला. दत्तरावांनी तो गाल बघितला सुद्धा नाही. ते जॅकेटचे बंद बांधत होडीकडं गेले.

घरी भागुबाईला अर्धीच बातमी आधी पोचली होती, की तिच्या नवऱ्यानं भर कॅम्पात खरं सांगितलं. तिनं त्या आनंदात सासऱ्याच्या फोटोला फूल घातलं होतं. उरलेली अर्धी बातमी बिरदेवनं आणली. ती ऐकून ती चुलीपुढं बसली ती उठलीच नाही. शालूला तोवर मुलाचा फोन येऊन गेला होता. वडिलांपुढं आपलं चालत नाही, एवढंच तो म्हणाला होता. तिनं बापाला फोन केला. रडली नाही, भांडली नाही. फक्त विचारलं, “बापू, सहा वर्षं खोटं बोललाव. मग नेमकं कालच खरं कामून बोललाव?”

त्यानंतर ती फोनवर कामापुरतं बोलू लागली. जेवलीस का, जेवले. बरी हायेस का, बरी हाय. भागुबाईला माहीत असलेलं ते हसू कुठं गेलं ते गेलंच.

बारा दिवसांनी बिरदेव आणि भागुबाई पूर्णेला दत्तरावांच्या दारात उभे राहिले. भागुबाईला वाटत होतं, आपण खरं पटवून सांगायला चाललोय. सगुणाबाईची साक्ष काढायची, कमरेवरच्या तेलाची सांगायची, असं ती वाटेत ठरवत होती. बिरदेवनं तिला काही सांगितलं नव्हतं. दारातच तो खाली बसला आणि म्हणाला की त्या दिवशी मी खोटं बोललो. मोबाइलमधलंच खरं. बापानंच कंदील दाखवला. पोरीच्या मायेनं माझी जीभ फिरली, माफी करा. आणि हे तो इतकं सुंदर बोलला की घरातल्या बाया दाराशी येऊन पदर डोळ्याला लावू लागल्या.

दत्तराव म्हणाले की तुम्ही एकदा असं म्हणता, एकदा तसं. माणसानं कशावर इमान ठेवावं. ते आत गेले आणि देवापुढचं पितळी ताट घेऊन आले. त्यात बिरोबाचा भंडारा होता आणि वर बेलाचं पान.

भंडारा उचलून बोललेला शब्द म्हणजे या लोकांत शेवटचा शब्द. तिथं वकील चालत नाही, फौजदार चालत नाही. खोटा भंडारा उचलणाऱ्याला देव सोडत नाही आणि त्याची वसुली लेकरांपासून सुरू करतो, हे पाळण्यातल्या पोरालाही ठाऊक असतं. बिरदेवचं तर नावच त्या देवाचं.

“उचला,” दत्तराव म्हणाले. “अन् सांगा काय खरं. जे सांगताल ते मी मानतो. बापानं काही केलं न्हाई म्हणलाव तरी मानतो. मग त्या दिवशीचं खोटं न्हवतं, आज दारातलं खोटं, मंजी सोयरीक मोडली असं समजून तुमी जावा.”

म्हणजे खरं बोलायची वाट उघडी होती. फक्त ती वाट शालूकडं जात नव्हती.

भागुबाईनं त्याचा दंड धरला. इतका घट्ट की नखं रुतली. “लेकराचं बघा ओ,” ती म्हणाली. तिला म्हणायचं होतं, खोटं उचलू नका. बिरदेवनं लेकराचंच बघितलं. त्यानं मूठभर भंडारा उचलला, डोळे मिटले आणि सांगितलं की माझा बाप सूर्यभान, त्यानं बुरुजाखालून कंदील दाखवला आणि तीन पोरं त्याच्या पायी मेली.

दत्तरावांनी त्याला मिठी मारली. त्याच भंडाऱ्याचा मळवट त्याच्या कपाळाला भरला. गूळ वाटला. आतून मुलगा आला आणि पाया पडला. तारीख तिथंच धरली.

गंगाखेडपर्यंतच्या गाडीत भागुबाई खिडकीशी बसली आणि बाहेर बघत राहिली. पदराच्या टोकानं ती आपलं बोट पुसत होती. मळवट भरताना थोडा भंडारा तिच्याही बोटाला लागला होता.

लग्न वैशाखात थाटात झालं. दत्तरावांनी माइक हातात घेऊन आपल्या व्याह्याची ओळख करून दिली, की ज्या माणसानं सख्ख्या बापाचं पापसुद्धा झाकलं नाही तो हा माणूस, असे इमानी लोक आता कुठं राहिलेत. तीनशे लोकांनी माना वळवून बिरदेवकडं बघितलं. हारही घातला.

त्यानंतर बिरदेवनं जे वर्ष काढलं ते वैऱ्यावर येऊ नये. देव वसुलीला कधी येतो याची तो वाट बघत होता. फोन वाजला की तो आधी भागुबाईला उचलायला लावायचा. शालूला तो दिवसातून तीनदा विचारायचा, रस्ता नीट ओलांडतीस का, गॅस बंद करतीस का. कारण सांगता येत नव्हतं, म्हणून ती वैतागायची. तो रविवार धरायला लागला, अनवाणी हिंडायला लागला. बिरोबाला रोज सांगायचा की घ्यायचं तर मेंढरांतून घे, माझ्यातून घे, तिला हात लावू नको.

आणि देवानं काहीच घेतलं नाही. त्या साली कळपात एक कोकरू दगावलं नाही. मेंढ्यांना जुळी झाली. शालूला पूर्णेतच मोठ्या दवाखान्यात कायमची नोकरी लागली. नवरा तिला जपणारा निघाला. सासरा तिला लेकीसारखी वागवायला लागला. पुढच्या उन्हाळ्यात तिला मुलगी झाली, गुटगुटीत, बाळंतपण सुखाचं. बिरदेवच्या सगळ्या आयुष्यात एवढं चांगलं वर्ष आलं नव्हतं, आणि त्या चांगल्या वर्षानं त्याची झोप उडवली होती.

बारशाहून परत आल्यावर तो दोन दिवस मेंढरांमागंच राहिला. तिसऱ्या दिवशी अंगणात लोकर निवडत बसलेल्या भागुबाईजवळ येऊन बसला. चेहरा हलका झाला होता. बऱ्याच दिवसांनी अडलेलं गणित सुटावं तसा.

“देव खोट्याला सोडत न्हाई,” तो म्हणाला. “बरोबर हाय का?”

भागुबाईनं मान हलवली.

“अन् आपलं तर समदं चांगलं झालं.”

तिनं हातातली लोकर खाली ठेवली.

“मंजी मी खोटं उचललंच न्हाई. आबानं दाखिवला आसंल कंदील. मला ल्हानपणी काय सांगितलं आसंल त्यानं, त्याचं त्याला ठावं.”

भागुबाईनं सासऱ्याच्या कमरेची आठवण दिली. फौजेनं लाथ कशापायी घातली असती मग, असं विचारलं. बिरदेव म्हणाला की काम झाल्यावर फौज आपल्या माणसालाही लाथच घालते. हे वाक्य गोपाळ सरांच्या संहितेतलं होतं, पण त्याला ते आता आपलंच वाटत होतं. त्या दिवसापासून तो शांत झोपायला लागला. शेकोटीपुढं गोष्ट सांगताना आता तो हावभाव फार करत नाही. सावकाश, खालच्या आवाजात सांगतो. पाहुणे म्हणतात, मामा आधीपेक्षाही चांगलं सांगतात.

सर्वपित्रीला त्यांच्या घरी पित्रं घालतात. भागुबाईनं पहाटे उठून खीर केली, वडे केले आणि ओळीनं पानं वाढली. आजेसासऱ्याचं, आजेसासूचं, सासूचं, चुलत सासऱ्याचं. शेवटचं पान तिनं सासऱ्याचं मांडलं आणि त्यावर खीर जरा जास्तच घातली, त्याला आवडायची म्हणून. बिरदेव आंघोळ करून आला. पानं मोजली. मग वाकून त्यानं शेवटचं पान उचललं, बाहेर नेलं आणि कुत्र्यापुढं ठेवलं.

“तीन तरणी पोरं खाल्ली त्यानं,” तो हात धूत म्हणाला. “त्याला पुन्हा खीर कशाला.”